झीज आणि झळाळी

मोटारीच्या रंगाची गेलेली झळाळी पॉलिशने परत आणता येते की नाही, या प्रश्नावर आपल्याकडे दोन तट पडलेले आहेत. एक तट ‘डिटेलिंग’ या नावाने अलीकडच्या काळात शहरोशहरी उभ्या राहिलेल्या, पांढऱ्याशुभ्र दिव्यांनी उजळलेल्या दुकानांचा. त्यांच्या मते कोणतीही गाडी, ती कितीही म्हातारी झालेली व तिची कितीही हेळसांड झालेली असो, दोन दिवस त्यांच्या स्वाधीन केली असता शोरूममधून निघाल्या दिवसासारखी होऊन परत येते. दुसरा तट जुन्या मोटारमालकांचा. रस्त्याकडेच्या गॅरेजात रबिंग कंपाउंडचा डबा आणि लोकरी बफ यांच्या संयुक्त अंमलाखाली बोनेटच्या कडेचा रंग उडून आतला प्रायमर डोकावू लागलेला त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला असल्यामुळे, पॉलिश म्हणजे पदरचे पैसे मोजून रंगाचे आयुष्य घटवणे, अशी त्यांची पक्की समजूत होऊन बसलेली असते. दोघांचेही अनुभव खरे आहेत आणि दोघांचेही निष्कर्ष अर्धवट आहेत. कारण पॉलिश हा रंगाच्या जाडीतून करावयाचा खर्च आहे ही गोष्ट पहिला तट सांगत नाही, आणि तो खर्च मोजूनमापून केला तर वर्षानुवर्षे परवडतो ही गोष्ट दुसऱ्या तटाला कोणी सांगितलेली नसते.

हा खर्च आज जितका जपून करावा लागतो तितका तो एके काळी करावा लागत नसे, याचे कारण रंगकामाच्या इतिहासात आहे. मोटारी निघाल्या तेव्हा त्या घोडागाडीच्या कारखान्यांतील रीतीनेच रंगवल्या जात. जवसाच्या तेलात खललेले रंग आणि त्यांवर व्हार्निश असे थरावर थर कुंचल्याने चढवायचे, प्रत्येक थर वाळण्याची वाट पाहायची आणि मधूनमधून तो घासून सारखा करायचा, या खटाटोपात आठवडेच्या आठवडे जात. हेन्री फोर्डची मॉडेल टी ही मोटार १९१४ ते १९२५ या काळात एका काळ्या रंगातच मिळे, त्यामागे काळे रोगण स्वस्त आणि टिकाऊ पडते हा रोकडा हिशेब होता. १९२३ च्या सुमारास ड्युपाँ आणि जनरल मोटर्स या कंपन्यांनी नायट्रोसेल्युलोजपासून केलेले ‘ड्युको’ हे रोगण ओकलंड नावाच्या मोटारींवर आणले आणि आठवड्यांचे काम तासांवर आले. (आपल्याकडचे फर्निचरचे रंगारी कपाटावरच्या असल्या फवाऱ्याच्या रंगाला अजूनही ड्युकोच म्हणतात.) मात्र या रोगणाला वाळल्यानंतर स्वतःची अशी चकाकी बेताचीच असे, ती घासून, रगडून आणावी लागे. म्हणजे पॉलिश हा त्या काळी मागाहून करावयाचा इलाज नव्हता, तर कारखान्यातल्या रंगकामाचीच ती शेवटची पायरी होती, आणि या एका पायरीपोटी एक अख्खा धंदा जन्माला आला. पाण्यात भिजवून वापरता येणारा घासकागद थ्री-एम कंपनीने १९२१ मध्ये काढला तो मोटार-रंगाऱ्यांच्या फार उपयोगी पडला; आणि त्या कंपनीतील रिचर्ड ड्रू हा तरुण हे कागद घेऊन सेंट पॉल शहरातील एका रंगशाळेत गेला असता, दुरंगी मोटारी रंगवताना कारागिरांची उडणारी त्रेधा त्याच्या दृष्टीस पडली, तिच्यातूनच १९२५ मध्ये मास्किंग टेपचा शोध लागला. आज पॉलिशवाला काम सुरू करण्याआधी गाडीच्या कडांवर आणि रबरांवर जी कागदी पट्टी चिकटवतो, तिचे घराणे असे मोटारीच्या रंगापाशीच पोहोचते.

जुना रंग एकजिनसी होता; वरून खालपर्यंत तोच रंग, त्यामुळे वरचा मृत थर घासून काढला की आतला ताजा रंग वर येई, आणि जोवर थर जाड तोवर हा व्यवहार बिनघोर चाले. पुढे, विशेषतः १९८० नंतर, रंगीत थरावर पारदर्शक थर देण्याची पद्धत सार्वत्रिक झाली आणि हिशेबाचे स्वरूप पालटले. आजच्या कारखान्यात पत्र्याला प्रथम विजेच्या साहाय्याने टाकीत बुडवून गंजरोधक थर देतात, त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा पातळ थर आणि सर्वांवर क्लिअर कोट. या साऱ्यांची एकत्रित जाडी बहुधा १०० ते १५० मायक्रॉन भरते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यातील खुद्द रंग १५-२० मायक्रॉनच्या आतबाहेर आणि ज्याच्या जिवावर पॉलिशवाला काम करतो तो क्लिअर कोट अवघा ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या डोक्यावरच्या केसाहूनही बारीक. सूर्याच्या अतिनील किरणांना अडवणारी द्रव्ये या थरात मिसळलेली असतात. थर पातळ करावा तितका हा पहारा ढिला पडतो, आणि मग चार-दोन उन्हाळ्यांनंतर टपावर पांढुरके चट्टे येऊन पुढे त्यांचे पोपडे निघू लागतात. म्हणून जाणते कारागीर मोटारीच्या सबंध आयुष्यात या थराच्या पाव हिश्शापलीकडे हात घालीत नाहीत. कारखान्याने दिलेली ही मुद्दल आहे. तिच्यात भर पडत नाही, फक्त उचल होते.

आता झळाळी म्हणजे काय आणि ती जाते कोठे, हे पाहू. सपाट पृष्ठभागावर पडलेला प्रकाश एकाच दिशेने परत फिरतो आणि त्या पृष्ठभागात आपल्याला समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसतात. पृष्ठभाग खरबरीत झाला की तोच प्रकाश दाही दिशांना विखुरतो आणि खिडक्यांच्या जागी एक धूसर पांढरेपण उरते. क्लिअर कोटवर सरळ पडलेल्या प्रकाशातला सुमारे ४ टक्के भागच वरच्यावर परावर्तित होतो, बाकीचा आत जाऊन रंगाला भेटून येतो. त्यामुळे पृष्ठावरच्या विखुरलेल्या प्रकाशाची भेसळ थोडीशी झाली तरी काळ्या, गडद निळ्या किंवा मरून मोटारीचा रंग उतरल्यासारखा वाटतो. रुपेरी व पांढऱ्या मोटारीवर तितक्याच ओरखड्यांची कोणाला वार्ताही लागत नाही. पेट्रोल पंपावरच्या दिव्याखाली काळी मोटार उभी राहिली की दिव्याभोवती रेघांचे वर्तुळाकार जाळे दिसते, आणि मालक समजतो की गाडी कोणी तरी गोल गोल हात फिरवून पुसली. वस्तुतः त्या रेघा गोल नसतात. सर्व दिशांना गेलेल्या हजारो सरळ चऱ्यांपैकी ज्या प्रकाशाच्या वाटेला आडव्या पडतात तेवढ्याच चमकतात, म्हणून दिवा सरकला की वर्तुळही सरकते. जादूगाराच्या खेळातही इतका बेमालूम दृष्टिभ्रम नसेल.

या चऱ्या पाडतो कोण? अपघात नव्हे, रस्ताही फारसा नव्हे. बहुतांश चऱ्या साफसफाईच पाडते. पुण्यामुंबईच्या गृहसंकुलांतला सकाळचा देखावा ज्यांनी पाहिला असेल त्यांना याचा अधिक पुरावा लागणार नाही. पहाटे पाच-साडेपाचला गाड्या पुसणारा येतो; त्याच्याजवळ एक बादली आणि एक फडका असतो, त्या एका बादलीत आठ-दहा गाड्यांची धूळ क्रमाक्रमाने जमा होते, आणि आठव्या गाडीवर फिरणारा फडका हा व्यवहारतः पहिल्या सात गाड्यांच्या वाळूने माखलेला घासकागदच असतो. पाणी मिळाले नाही त्या दिवशी तो कोरड्याच फडक्याने झटकून पुसतो, आणि बांधकामाची सिमेंटमिश्रित धूळ रंगावर रगडली जाते. त्या बिचाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. महिनाकाठी गाडीमागे काहीशे रुपयांच्या मोबदल्यात, नोकरदार मालक कामावर निघण्यापूर्वी सर्व गाड्या ‘दिसायला स्वच्छ’ करून देण्याची जबाबदारी त्याच्यावर असते. पाणी बेताने वापरण्याची तंबी सोसायटीने दिलेली असते, आणि दोन बादल्यांची, स्वतंत्र फडक्यांची तजवीज करण्याचे कोणा मालकाच्या मनात आलेले नसते. रोज पुसलेली गाडी आठवड्याने धुतलेल्या गाडीपेक्षा लवकर म्हातारी होते, हे सत्य मालकांच्या गळी उतरवणे मात्र महाकठीण आहे. जी मंडळी काळजीपोटी गाडीला कव्हर घालतात त्यांचीही सुटका नाही. धुळकट गाडीवर घातलेले कव्हर वाऱ्याने फडफडले की तेच काम रात्रभर चालू राहते.

इतर कारणे थोडक्यात. बोअरचे पाणी जड असते. त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार, गाडी उन्हात धुऊन तशीच वाळू दिली की, प्रत्येक थेंबाच्या जागी पांढरे कडे करून बसतात आणि फार दिवस राहिले तर रंगात खळगा पाडतात. पक्ष्यांची विष्ठा आम्लधर्मी. उन्हात काळ्या बोनेटचे तापमान ७० अंश सेल्सियसच्या घरात जाते, तेव्हा मऊ पडलेला क्लिअर कोट त्या वाळणाऱ्या डागाभोवती आक्रसतो आणि डाग धुतल्यावरही त्याचा आकार मागे ठेवतो. पर्जन्यवृक्षाखाली उभ्या केलेल्या गाडीवर पडणारा चिकटा हा पुष्कळदा झाडाचा नसून झाडावरच्या किडींचा असतो. लोहमार्गालगत राहणाऱ्यांच्या गाड्यांवर ब्रेकच्या लोखंडी कणांची लालसर पुरळ उठते. आणि दसऱ्याच्या दिवशी बोनेटवर हळदीकुंकवाने काढलेले स्वस्तिक दुसऱ्या दिवशी कोरड्या फडक्याने खसाखसा पुसून काढले जाते. पूजा निर्दोष असते, पुसणे तेवढे घातक असते. ते पाण्याच्या धारेने आधी वाहू द्यावे, एवढेच.

घासल्याने खरबरीतपणा जाऊन गुळगुळीतपणा येतो तो कसा, हा प्रश्न दिसतो तितका बाळबोध नाही; त्याने तीन शतके विद्वानांना गुंतवून ठेवले होते. न्यूटनने आपल्या ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात काचेच्या पॉलिशविषयी लिहिताना असे मत दिले की, वाळू किंवा ट्रिपोलीची पूड काचेला अगदी सपाट करते असे समजू नये. ती फक्त मोठे ओरखडे मोडून त्यांच्या जागी डोळ्यांना न दिसणारे बारीक ओरखडे करते. विसाव्या शतकाच्या आरंभी जॉर्ज बेलबी याने याला छेद देणारा सिद्धांत मांडला: घर्षणाने पृष्ठाचा पातळ थर प्रवाही होऊन खळग्यांत ओघळतो आणि तेथेच गोठतो. १९३७ मध्ये बॉडेन आणि ह्यूज यांनी प्रयोगांनी दाखवले की पॉलिश करणाऱ्या पुडीचा कठीणपणा नव्हे तर तिचा द्रवणांक निर्णायक ठरतो, आणि बेलबीचा पक्ष बळकट झाला. पुढे ऑस्ट्रेलियातील धातुशास्त्रज्ञ सॅम्युअल्स यांनी धातूंच्या बाबतीत तरी न्यूटनचाच निकाल पुष्कळ अंशी कायम केला. या विद्वच्चर्चेचा मोटारीशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा की, आजही कित्येक दुकानांत ‘यंत्राच्या उष्णतेने क्लिअर कोट वितळतो आणि ओरखडे भरून निघतात’ असे गिऱ्हाइकाला छातीठोकपणे सांगितले जाते. सेल्युलोज किंवा १९५० नंतरच्या अॅक्रिलिक लॅकरच्या बाबतीत हे सर्वस्वी खोटे ठरले नसते; जनरल मोटर्सच्या कारखान्यांत तसले लॅकर घासून, पुन्हा भट्टीत तापवून वाहू देण्याची रीतच होती. परंतु आजचा क्लिअर कोट हा रासायनिक दुव्यांनी कायमचा जखडलेला पदार्थ आहे. तो उष्णतेने मऊ पडतो, वाहत नाही, आणि फार तापला तर करपतो. त्यावरचा ओरखडा भरून निघत नाही. ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा पृष्ठभाग खाली आणला जातो, इतकेच काय ते घडते. जे ओरखडे नखाला लागतात ते तळापर्यंत आणू गेल्यास सारी मुद्दलच संपेल. म्हणून समंजस कारागीर त्यांच्या कडा बोथट करून त्यांची चमक मोडतो आणि तेथेच थांबतो.

साधनांचा तपशील या दृष्टीनेच पाहावा. कंपाउंड आणि पॉलिश यांत भेद फक्त कणांच्या भरडपणाचा. दोन्हींत बहुधा अॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात, काहींत ते रगडताना फुटत फुटत बारीक होतात, काहींत अखेरपर्यंत तसेच राहतात, आणि यांपैकी कोणती जात हाती आहे हे माहीत नसणारा माणूस एकतर लवकर थांबतो किंवा उशिरा. या धंद्यातील काही घराणी फर्निचरच्या पॉलिशमधून आली. अमेरिकेतील मेग्वायर्स ही पेढी १९०१ मध्ये लाकडाच्या पॉलिशवरच सुरू झाली होती. यंत्रे मुख्यतः दोन. गोल फिरणारे जुने रोटरी यंत्र मिनिटाला तीन हजारांपर्यंत फेरे घेते, वेगाने कापते आणि तितक्याच वेगाने तापवते; कलत्या हाताने धरले तर उन्हात दिसणाऱ्या लांबलचक सावल्यांचे पट्टे मागे ठेवते, आणि कडेवर क्षणभर जास्त रेंगाळले की रंग जाळते. दुसरे दुहेरी गतीचे यंत्र. त्याची चकती स्वतःभोवती फिरता फिरता मध्याबाहेरचा झोलही घेते, हा झोल ८, १५ किंवा २१ मिलिमीटरचा असतो, आणि दाब वाढला की चकती फिरायची थांबते. नवशिक्याला हे यंत्राचे वैगुण्य वाटते. वास्तविक तीच त्याची मोठी सोय आहे. लोकरीचा पॅड कापतो, स्पंजाचा पॅड उजळवतो आणि मायक्रोफायबरचा मधला, असा ढोबळ संकेत आहे. रोटरी यंत्राची सरसकट निंदा करण्याची जी फॅशन अलीकडे आली आहे ती आम्हाला मान्य नाही. ज्याने वीस वर्षे तेच यंत्र चालवले आहे त्याच्या मनगटात ते यंत्र सौम्य असते. वाईट काम यंत्राने होत नाही, घाईने होते.

उत्तम काम कसे चालते ते जवळून पाहण्यासारखे असते, कारण त्यातला निम्मा वेळ पॉलिशमध्ये जातच नाही. गाडी प्रथम दोन बादल्यांच्या पद्धतीने धुतात: एकीत साबण, दुसरीत फडका खळखळून घेण्याचे स्वच्छ पाणी. मग लोखंडी कणांवर एक फवारा मारतात. तो लोखंडाशी संयोग पावताच जांभळा होऊन ओघळू लागतो, आणि पांढऱ्या गाडीच्या दारावरून ही जांभळी धार वाहताना प्रथमच पाहणारा मालक हटकून दचकतो. डांबराचे ठिपके वेगळ्या द्रावणाने जातात. त्यानंतर ‘क्ले’ नावाचा मातीसारखा मऊ गोळा, साबणाच्या पाण्याचा भरपूर ओलावा ठेवून, पृष्ठभागावरून हलकेच फिरवतात. आरंभी तो अडखळत सरकतो, रंगात रुतलेले कण निघाले की बिनआवाज घसरू लागतो. पृष्ठभागावरून हात फिरवून खातरजमा केली की गाडी कोरडी करून कडा, रबरी पट्ट्या आणि नंबरप्लेट टेपने झाकायच्या. मग खरी परीक्षा: बोनेटवर दोन फूट लांबरुंद चौकोन निवडून सर्वांत सौम्य पॉलिश आणि सर्वांत मऊ पॅड यांनी आधी प्रयत्न करायचा. पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब टाकायचे, यंत्र सुरू करण्याआधीच ते चौकोनात पसरून घ्यायचे, मग आडवे-उभे असे एकमेकांना छेदणारे हात सावकाश, म्हणजे सेकंदाला इंचभराच्या बेताने, घ्यायचे, पॉलिशचा थर पारदर्शक होत आला की थांबायचे आणि स्वच्छ मायक्रोफायबरने पुसून तिरप्या दिव्यात पाहायचे. चरे गेले तर सबंध गाडीला तेच पुरे. राहिले तर एक पायरी भरड. जो कारागीर हा प्रयोग न करता सरळ कंपाउंडचा डबा उघडतो, त्याच्या हाती गाडी देऊ नये. बोनेट हाताला गरम लागत असेल तर उत्तम कारागीरही काम तहकूब ठेवतो. उन्हात उभ्या गाडीवर रबिंग करून देणारे महाभाग आजही रस्तोरस्ती आहेत.

हे सारे करूनही काय खर्च झाले आणि काय शिल्लक राहिले, हे डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी जाडी मोजणारे छोटे उपकरण लागते. लोखंडी पत्र्यावर ते चुंबकीय तत्त्वाने चालते, अॅल्युमिनियमवर भोवरा-प्रवाहाने, आणि प्लास्टिकच्या बंपरवर त्या दोन्हींचा उपयोग नसतो. तेथे ध्वनिलहरींचे महाग उपकरण तरी लागते किंवा अदमासाने हात आखडता घ्यावा लागतो. शिवाय साधे उपकरण एकूण जाडी सांगते, त्यातला क्लिअर कोट किती याची वाटणी करून देत नाही. तथापि आधीची आणि नंतरची नोंद यांची वजाबाकी मात्र खोटे बोलत नाही. शेवटच्या हाताचे सौम्य पॉलिश एका मायक्रॉनच्याही आत काढते, कंपाउंडचा भरड हात दोन-चार मायक्रॉन, आणि पी-२००० क्रमांकाचा घासकागद पाण्यासह लावून मग पॉलिश केले तर त्याहून बरेच अधिक जाते. या उपकरणाचा आणखी एक गुण असा की ते गाडीचा पूर्वेतिहास उघडा पाडते: सर्वत्र ११० आणि एका दारावर २५० दाखवले तर ते दार पुन्हा रंगवलेले आहे, ७००-८०० दाखवले तर रंगाखाली लांबी भरलेली आहे, मग विकणाऱ्याने ‘एकही टच-अप नाही’ अशी कितीही ग्वाही दिलेली असो. ७०-८० दाखवले तर मात्र यंत्र खाली ठेवावे. त्या गाडीवर आधीच कोणी हात धुऊन घेतलेला आहे. आमच्या मते प्रत्येक दुकानाने या नोंदी कागदावर लिहून गाडीच्या दस्तऐवजांबरोबर मालकाच्या स्वाधीन केल्या पाहिजेत. इंजिन ऑइल बदलल्याची नोंद सर्व्हिस बुकात होते. आणि जो जिन्नस एकदा गेला की परत मिळत नाही त्याचा जमाखर्च कोठेच राहत नाही, हा प्रकार विचित्र म्हटला पाहिजे.

या नोंदींअभावी एक जुनी लबाडी सुखेनैव चालते. पुष्कळ स्वस्त पॉलिशांत तेले, मेणे आणि भराव द्रव्ये असतात. ती चऱ्यांत बसतात, प्रकाशाचे विखुरणे थांबते आणि गाडी अर्ध्या तासात आरशासारखी होते. मालक खूश होऊन पैसे देतो. तीन-चार धुण्यांनंतर भराव वाहून जातो आणि चरे जसेच्या तसे हजर होतात. यावर साधी तपासणी आहे: पॉलिशनंतर आयसोप्रोपाइल अल्कोहोलचे पातळ द्रावण फवारून पृष्ठभाग पुसायचा आणि मगच दिव्यात पाहायचा. जे राहील ते खरे. दुकानदाराने गिऱ्हाइकादेखत हे पुसणे करून दाखवावे, आणि तो कांकू करू लागला तर कारण विचारीत बसण्याची गरज नाही. अर्थात भराव हा स्वतः पाप नाही; ज्या गाडीचा क्लिअर कोट पातळ उरला आहे, तिच्यावर चरे कापण्यापेक्षा लपवणे हाच शहाणपणा ठरतो. फक्त तसे सांगून करावे.

पॉलिश झाल्यावर संरक्षणाचा प्रश्न येतो, आणि येथे जाहिरातीने फार मोठी मखलाशी केलेली आहे. कार्नोबा हे ब्राझीलच्या ईशान्येकडील ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचे मेण, वनस्पतिजन्य मेणांत अत्यंत कठीण, सुमारे ८२ ते ८६ अंशांना वितळणारे. ते रंगाला ऊबदार ओली छटा देते आणि आपल्या उन्हापावसात काही आठवड्यांत निघून जाते. त्याची जागा आता सिलिकायुक्त ‘सिरॅमिक’ लेपांनी घेतली आहे. हे लेप पाणी झटकतात, क्षार आणि विष्ठा यांना काही काळ थोपवून धरतात, गाडी धुणे सोपे करतात. एवढे गुण पुरेसे होते. पण ते ‘नाइन-एच’ कठीण असल्याने ओरखडा पडूच देत नाहीत, असे सांगितले जाते. नाइन-एच ही पेन्सिलींच्या कठीणपणाची श्रेणी आहे, रत्नपारख्यांची नव्हे. शिवाय एक-दोन मायक्रॉनचा लेप खालच्या मऊ थरावर बसलेला असताना त्याचा कठीणपणा कोणाच्या किती उपयोगी पडणार? वाळूने माखलेला सकाळचा फडका लेपालाही तितक्याच निष्पक्षपातीपणे ओरबाडतो. ओरखडा खऱ्या अर्थाने अडवते ती पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म, जिचे पूर्वज व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी हेलिकॉप्टरांच्या पात्यांना वाळूपासून वाचवण्यासाठी चिकटवले गेले. तिची किंमत मात्र सामान्य मालकाच्या आवाक्याबाहेर जाते. मोटार-कारखान्यांनीही प्रयत्न केले नाहीत असे नाही: मर्सिडीझ-बेंझने २००३ च्या अखेरीस सूक्ष्मकणयुक्त अधिक कठीण क्लिअर कोट आणला, तर निसानने २००५ मध्ये बरोबर उलटा मार्ग धरून लवचीक, बारीक ओरखडे आपोआप मिटवून टाकणारा थर जाहीर केला. कठीण रंग चरे कमी घेतो पण घेतलेले सोडत नाही, मऊ रंग लगेच घेतो आणि लगेच सोडतो, हा पॉलिशवाल्यांचा नित्याचा अनुभव या दोन वाटांतही दिसतो.

पोपडे निघालेला क्लिअर कोट, टवका उडून उघडा पडलेला पत्रा, खडा लागून प्रायमरपर्यंत गेलेली खोक आणि रंगाखालून वर येणारा गंज, यांपैकी कशावरही पॉलिशचा इलाज चालत नाही. तेथे डेंटिंग-पेंटिंगवाल्याचीच वाट धरावी लागते, आणि पोपड्यांच्या कडेवर यंत्र लावणे म्हणजे ते सोलून मोठे करणे होय.

राहता राहिल्या जुन्या, एकजिनसी रंगाच्या मोटारी. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या प्रीमियर पद्मिनीसारख्या गाड्या मुंबईच्या टॅक्सीतळांवरून २०२३ मध्ये शेवटच्या निघून गेल्या, तरी हौशी मालकांच्या गॅरेजांत त्या अजून आहेत, आणि त्यांच्यावर काम करताना आजच्या कारागिराला आपली बरीचशी सवय बदलावी लागते. येथे पॅडवर गाडीचा रंगच येतो. लाल गाडी घासताना फडका रक्तासारखा लाल होतो. मालक घाबरतो, पण हा क्लिअर कोट नसल्याचा निर्वाळा आहे. उन्हाने शुष्क झालेल्या, गुलाबीसर भुरकट पडलेल्या अशा रंगावर एकदम यंत्र चालवू नये. जाणते लोक आधी तेलयुक्त ग्लेझ हाताने चोळून रात्रभर मुरू देतात, सकाळी टॉवेलच्या कापडाने पुसतात, आणि बहुतेक वेळा निम्मा रंग एवढ्यानेच उजळतो. राहिलेला भुरकटपणा अगदी सौम्य पॉलिशने, हाताने किंवा कमी वेगात, काढायचा. किती काढायचा हे मात्र मालकाने आधी ठरवावे. कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथील प्रसिद्ध मोटार-प्रदर्शनात मूळ स्थितीत जपलेल्या गाड्यांना स्वतंत्र वर्ग आहे, आणि त्या वर्गात पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा, तडे गेलेला पण कारखान्यात चढवलेला रंग नव्या चकचकीत रंगापेक्षा मोलाचा मानतात. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या गाड्या दोनदा-तीनदा रंगवून झालेल्या असल्याने हा प्रश्न विरळाच उद्भवतो; पण एखाद्या वाड्याच्या पडवीत ताडपत्रीखाली मूळ रंगाची गाडी सापडलीच, तर तिच्या नव्या धन्याने पॉलिशवाल्याच्या आधी जाडी मोजणाऱ्याला बोलवावे, आणि बोनेटच्या कडेवर मुद्दल सरत आलेली दिसली तर तेवढा भाग मळकटच राहू द्यावा.